नर्सिंगसाठी आनुवंशिकीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : वंशावळीचा भाग उत्तम, औषधांचा भाग अपुरा

रुग्णालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिका आणि परिचारकांसाठी तयार केलेला, जनुकीय विविधता आणि आनुवंशिकतेचे प्रकार या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच शेवटपर्यंत केला. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचनासाठी टिपणे, कल्पित रुग्णांच्या प्रकरणांवर आधारलेले सराव आणि शेवटी एक चाचणी असे त्याचे स्वरूप आहे. या विषयाचे अभ्यासक्रम बहुधा प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिलेले असतात. सुरुवात डीएनएच्या रचनेपासून होते आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याआधीच तास संपतो. म्हणून मी याला एकच कसोटी लावली. धडा संपल्यावर उद्याच्या पाळीत मी काय वेगळे विचारीन, कशावर लक्ष ठेवीन, कोणती गोष्ट माझ्या तोंडून जाता कामा नये आणि कोणाला केव्हा कळवीन, हे मला सांगता येते का? या कसोटीला अभ्यासक्रमाचा निम्म्याहून अधिक भाग उतरतो आणि त्यातला एक भाग तर अतिशय उत्तम आहे. मात्र परिचारिकेच्या रोजच्या कामाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे, तोच भाग दुर्दैवाने कच्चा राहिला आहे.

जनुकीय विविधतेवरचे पहिले धडे नेमके आणि नेटके आहेत. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज आधारजोड्या असतात, प्रथिने घडवणारी जनुके साधारण २०,००० आहेत आणि कोणत्याही दोन माणसांचा जनुकसंच जवळजवळ ९९.९ टक्के सारखा असतो, एवढे सांगून व्याख्याते लगेच मुद्द्यावर येतात: उरलेला फरक म्हणजे आजार नव्हे. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, काही उपकारक असतात आणि एखादाच घातक ठरतो. सिकल सेल या रक्ताच्या आजाराचे उदाहरण त्यांनी येथे फार चांगले वापरले आहे. बीटा ग्लोबिन या प्रथिनसाखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. हा एवढासा बदल दोन्ही पालकांकडून आला तर आयुष्यभराचा आजार होतो. एकाच पालकाकडून आला तर ती व्यक्ती बहुधा निरोगी वाहक राहते आणि तीव्र मलेरियापासून तिला काही अंशी संरक्षणही मिळते. पुढे या उदाहरणाला एक पदर जोडला आहे, जो मला परिचारिकांच्या दृष्टीने फार मोलाचा वाटला. नवरा सिकल सेलचा वाहक आणि बायको बीटा थॅलेसेमियाची वाहक असेल, तर दोघांच्या अहवालांवर वेगवेगळी नावे दिसतात आणि त्यामुळे धोका नाही असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दोन्ही बदल एकाच जनुकातले आहेत आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बदल मिळून सिकल-बीटा-थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रसूतिपूर्व तपासणीच्या खोलीत दोन अहवाल एकत्र ठेवून पाहणारी पहिली व्यक्ती अनेकदा परिचारिकाच असते, त्यामुळे हा धडा कोणीही वगळू नये.

याच भागात अहवालांचे वाचन शिकवले आहे. जनुकीय बदलांचे पाच गटांत वर्गीकरण करण्याची पद्धत २०१५ पासून रूढ झाली आहे: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. यांतला मधला गट सर्वाधिक गैरसमज निर्माण करतो. अर्थ अनिश्चित असलेला बदल सापडला म्हणजे तपासणीचा निष्कर्ष होकारार्थी आला असे नव्हे. त्या बदलाच्या आधारावर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो, नातेवाइकांचे भाकीत करायचे नसते आणि पुढे पुरावा वाढला की त्याचा गट बदलूही शकतो. व्याख्यात्यांनी हे तीन वेगवेगळ्या अहवालांच्या नमुन्यांवर दाखवले आहे. रुग्णाने अहवाल हातात धरून ‘सिस्टर, यात काही निघालं का?’ असे विचारले, तर परिचारिकेने काय सांगावे आणि काय समुपदेशकावर किंवा डॉक्टरांवर सोपवावे, याची सीमारेषाही स्पष्ट आखली आहे. इतक्या स्पष्टपणे ही सीमा आखणारे प्रशिक्षण मला आजवर क्वचितच भेटले आहे.

आनुवंशिकतेच्या प्रकारांचा भाग मात्र चढउताराचा आहे. प्रभावी, अप्रभावी आणि एक्स गुणसूत्राशी निगडित असे तीन प्रकार चौकटी आखून शिकवले आहेत आणि त्यांवरची उदाहरणे बिनचूक आहेत. माझी तक्रार चौकटींबद्दल नाही, चौकटीजवळ थांबण्याबद्दल आहे. अप्रभावी आजारात दोन्ही पालक वाहक असतील तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. तरीही अनेक पालक या आकड्याचा अर्थ ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ असा घेतात. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता नव्याने तेवढीच असते, हे वाक्य टिपणात एका ओळीत येऊन जाते. त्यावर निदान एक संवादाचा सराव हवा होता. याउलट आजारी मुलाच्या निरोगी भावंडाचे गणित त्यांनी सुरेख समजावले आहे. त्या भावंडाला आजार नाही हे ठरल्यावर चारांपैकी तीनच शक्यता उरतात आणि त्यांतल्या दोन वाहक असण्याच्या असतात, म्हणून त्या भावंडाची वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून दोन तृतीयांश आहे. लग्नाचा विचार करणाऱ्या बहिणीला किंवा भावाला हा फरक समजून सांगणे हे खरे नर्सिंग आहे.

प्रभावी आजारांच्या धड्यात चौकटीबाहेरच्या वास्तवाला पुरेशी जागा मिळाली आहे आणि ते मला विशेष आवडले. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या त्वचा आणि मज्जातंतूंच्या आजाराच्या पहिल्या प्रकारात तोच बदल असलेल्या बापाच्या अंगावर केवळ कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात, तर मुलाला दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ येते. याच आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत बदल नव्याने घडलेला असतो आणि पालकांत तो नसतोच. अकॉन्ड्रोप्लेझिया या ठेंगणेपणाच्या प्रकारात तर सुमारे ८० टक्के बाळांचे पालक सरासरी उंचीचे असतात. घरात कोणालाच नाही, म्हणजे आनुवंशिक नाही, हा वॉर्डात सर्रास ऐकू येणारा निष्कर्ष किती डळमळीत आहे हे यातून पक्के कळते. त्याला जोडूनच पालकांच्या बीजपेशींपैकी काहींमध्येच बदल असण्याची शक्यता सांगितली आहे. अशा वेळी पालकांच्या रक्ताची तपासणी स्वच्छ येऊनही दुसरे मूल बाधित होऊ शकते. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती ४० किंवा अधिक वेळा असेल तर पुरेसे आयुष्य लाभल्यास आजार होतोच, ३६ ते ३९ या पट्ट्यात तो होईलच असे सांगता येत नाही, आणि बापाकडून येताना ही संख्या वाढून पुढच्या पिढीत आजार लवकर सुरू होऊ शकतो. येथेही केवळ नियम न सांगता, ज्याला तपासणी करून घ्यायचीच नाही अशा तरुण मुलाशी परिचारिकेने कसे वागावे, याची चर्चा केली आहे. न जाणून घेण्याचा त्याचा हक्क व्याख्यात्यांनी ठामपणे मांडला आहे. लक्षणे प्रौढपणी येतात आणि बालपणी करण्याजोगा उपाय नसतो, अशा आजारांसाठी लहान मुलांची तपासणी सहसा का करू नये, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले आहे.

एक्स गुणसूत्राशी निगडित आजारांत मला अधिक खोली हवी होती. ‘आई वाहक, मुलगा रुग्ण’ या सूत्रावर धडा उभा आहे आणि वाहक स्त्री ही स्वतः रुग्ण असू शकते, हे त्यात जाता जाता येते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडल्याप्रमाणे स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते, आणि ही वाटणी एका बाजूला झुकली तर हिमोफिलियाच्या वाहक स्त्रीतही रक्त गोठवणाऱ्या घटकाची पातळी कमी राहते. तिची मासिक पाळी जड असू शकते, दात काढल्यावर रक्त थांबत नाही आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ शकतो. गरोदरपणात रक्त गोठवणारा आठवा घटक वाढतो आणि प्रसूतीनंतर पुन्हा उतरतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ठीक दिसणारी बाळंतीण काही दिवसांनी रक्तस्राव घेऊन परत येऊ शकते. पोटात मुलगा असण्याची शक्यता असेल तर व्हॅक्यूम आणि चिमट्याची प्रसूती टाळायची, बाळाची तपासणी होईपर्यंत स्नायूत सुई देण्याआधी विचारायचे, हे सगळे प्रसूतिकक्षातल्या परिचारिकेने करायचे काम आहे. ड्युशेन स्नायुक्षयाच्या वाहक स्त्रियांना हृदयाच्या स्नायूंचा आजार होऊ शकतो आणि त्यांचीही हृदयतपासणी वेळोवेळी व्हायला हवी. मुलाची चाकाची खुर्ची ढकलत येणाऱ्या आईला ‘तुमची स्वतःची तपासणी केव्हा झाली?’ असे विचारायला शिकवणारा अभ्यासक्रम मला हवा आहे. या अभ्यासक्रमाने ती संधी घेतलेली नाही.

गुणसूत्रांच्या दोषांवरचा धडा ठीक आहे. डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के बाळांत एकविसावे गुणसूत्र सुटे तिसरे म्हणून येते, थोड्यांमध्ये ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते आणि केवळ याच दुसऱ्या प्रकारात पालकांची गुणसूत्रतपासणी पुढच्या गरोदरपणासाठी निर्णायक ठरते, हे त्यात आले आहे. जनुक आईकडून आले की वडिलांकडून यावर त्याचे काम ठरते, त्या पालकनिहाय छापावरचा धडा वाचून झाला की विसरला जाईल असा आहे.

आता वंशावळीच्या भागाविषयी, कारण याच एका भागासाठी मी हा अभ्यासक्रम सहकाऱ्यांना सुचवीन. वंशावळ आखण्याची चिन्हे शिकायला अर्धा तासही पुरतो: पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, बाधित व्यक्तीचे चिन्ह भरलेले, मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरकी रेघ, रक्ताच्या नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी रेघ आणि ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्यापाशी बाण. खरे कौशल्य प्रश्न विचारण्यात आहे आणि येथे सरावांची आखणी विचारपूर्वक केली आहे. पडद्यावरचा कल्पित रुग्ण तुम्ही विचाराल तेवढेच सांगतो. ‘घरात कोणाला काही आजार आहे का?’ असे विचारले तर तो ‘नाही’ म्हणतो आणि सराव तेथेच फसतो. एकेका नातलगाचे नाव घेऊन, वय किती, हयात आहेत का, नसतील तर कोणत्या वयात आणि कशाने गेले, गर्भपात किंवा मृत बाळ जन्मले होते का, असे विचारत गेले की हळूहळू चित्र उभे राहते. एका सरावात आत्या तरुणपणी पोहताना बुडाली असे उत्तर मिळते आणि पट्टीची पोहणारी मुलगी कशी बुडाली, हा पुढचा प्रश्न विचारणाऱ्यालाच हृदयाच्या विद्युत आलेखातले (ईसीजी) क्यूटी अंतर लांबण्याच्या आनुवंशिक विकाराचा धागा हाती लागतो, कारण त्याच्या एका प्रकारात पोहणे हेच हृदयाच्या घातक अनियमित ठोक्यांचे निमित्त ठरू शकते. दुसऱ्या सरावात स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण फक्त आईकडची माहिती देते. बीआरसीए जनुकांतला बदल वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने येतो, वडिलांना स्वतःला काहीही झालेले नसतानाही येतो, आणि वडिलांच्या बहिणींची चौकशी न करणाऱ्याची वंशावळ निम्मीच राहते. तिसऱ्या सरावात रुग्णाला दत्तक घेतलेले आहे, ही माहिती सर्वांत शेवटी येते आणि तोवर आखलेले सर्व काही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ज्यांनी हे सराव लिहिले त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून बरीच चौकशी केलेली असावी, असे पानोपानी जाणवते.

वंशावळीसोबत येणारे नैतिक प्रश्नही याच भागात हाताळले आहेत. केसपेपरवर आखलेली वंशावळ एका रुग्णाची नसते. तिच्यात ज्यांनी कधी संमती दिली नाही अशा माणसांचे आजार, गर्भपात आणि नाती लिहिलेली असतात. ती भेटीच्या वेळेत टेबलावर उघडी ठेवायची नाही, सासूसमोर सुनेला प्रश्न विचारायचे नाहीत, आणि जनुकीय तपासणीतून सांगितलेला पिता जैविक पिता नसल्याचे दिसू शकते, हे संमती घेण्याआधीच सांगितले गेले पाहिजे, अशा सूचना स्पष्ट आहेत. एक उणीव मात्र आहे: वंशावळ आखण्याचे पडद्यावरचे साधन एकदा जोडलेली रेघ सहज खोडू देत नाही आणि दुहेरी रेघ शोधण्यात वेळ जातो. मी शेवटी कागद आणि पेन्सिल घेऊन सराव केला आणि तेच करण्याचा सल्ला देईन.

औषधांचा भाग हा या अभ्यासक्रमाचा कच्चा दुवा आहे. औषध हातात घेऊन रुग्णापर्यंत जाणारी शेवटची व्यक्ती परिचारिका असते. त्यामुळे जनुकीय विविधतेचा अर्थ तिला सर्वांत लवकर आणि सर्वांत ठळकपणे येथेच भेटतो. तरीही या भागात यकृतातल्या विकरांचा एक दाट तक्ता आणि त्यावरची पाठांतराची प्रश्नावली एवढेच आहे. कोडीन या वेदनाशामकाचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करणारे सीवायपी२डी६ हे विकर काही जणांत अतिवेगाने काम करते; नेहमीच्या मात्रेनेही अशा मुलाचा श्वास मंदावू शकतो आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुले दगावल्यामुळेच लहान मुलांना कोडीन देण्यावर कडक निर्बंध आले. तक्त्यात या विकराचे नाव आहे, पण गुंगीत असलेल्या मुलाचे श्वास मोजण्याबद्दल शब्दही नाही. एचआयव्हीवरचे अबाकाविर सुरू करण्याआधी एचएलए-बी*५७:०१ या जनुकप्रकाराची आणि अपस्मारावरच्या कार्बामाझेपिनसाठी काही लोकसमूहांत एचएलए-बी*१५:०२ ची तपासणी का करतात, हे सांगितले आहे. मात्र तपासणीचा अहवाल केसपेपरला लागला आहे का हे पहिली गोळी देण्याआधी पाहायचे, नव्याने औषध सुरू झालेल्या रुग्णाने डोळे लाल होणे, तोंडात फोड येणे किंवा ताप आणि पुरळ यांची तक्रार केली तर पुढची मात्रा थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचे, हे सांगायला हवे होते.

भूल देण्याआधीच्या चौकशीबाबतही हेच घडले आहे. काही जणांत आरवायआर१ जनुकातल्या बदलामुळे भुलीचे काही वायू किंवा स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलिन दिल्यावर शरीराचे तापमान आणि स्नायूंची ताठरता जीवघेण्या वेगाने वाढते. आधीची भूल सुखरूप गेली म्हणून हा धोका नाही असे म्हणता येत नाही, तापमान वाढणे हे बऱ्याचदा उशिरा दिसणारे लक्षण असते आणि त्यावरचे औषध डॅन्ट्रोलिन कोठे ठेवले आहे हे शस्त्रक्रियागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ‘घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, कोणी टेबलावर गेले होते का?’ हा प्रश्न परिचारिकाच विचारते. वंशावळीच्या सरावाइतकाच जिवंत सराव येथे सहज रचता आला असता. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला १५५५ या स्थानावरचा बदल असलेल्या बाळाला जेंटामायसिनसारख्या औषधाने कायमचे बहिरेपण येऊ शकते, आणि हा बदल केवळ आईकडून, पण तिच्या सर्व मुलांकडे जातो. नवजात अतिदक्षता कक्षात आईला तिच्या माहेरच्या बहिरेपणाबद्दल एक प्रश्न विचारण्याचे महत्त्व येथे किती मोठे आहे! अभ्यासक्रमात हा विषय दोन ओळींत उरकला आहे.

जी-६-पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराच्या कमतरतेवरच्या धड्याबद्दल मला वेगळा आक्षेप आहे. कोणत्या प्रदेशांतल्या लोकांत ती जास्त आढळते याचा नकाशा दाखवून विद्यार्थ्याला रुग्णाच्या आडनावावरून आणि दिसण्यावरून अंदाज बांधायला नकळत शिकवले आहे. एखाद्या समूहात बदलाचे प्रमाण जास्त असणे ही लोकसंख्येविषयीची माहिती आहे, समोरच्या व्यक्तीविषयीची नाही. मलेरियावरचे प्रायमाक्विन देण्याआधी तपासणी करायची ती रुग्ण कोणत्या समूहातला दिसतो हे पाहून नव्हे. आणि औषध सुरू झाल्यावर लघवी गडद होणे, डोळे पिवळे होणे, दम लागणे यांवर लक्ष प्रत्येकाच्या बाबतीत ठेवायचे असते.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेण्याचे प्रात्यक्षिक मात्र पुन्हा पाहावे असे आहे. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात फिनाइलकीटोन्युरिया या चयापचयाच्या जन्मजात आजारासाठी रुजवलेली ही पद्धत आज कितीतरी आजारांसाठी वापरली जाते आणि तिचे यश बऱ्याच अंशी नमुना घेणाऱ्या हातावर अवलंबून असते. टाचेच्या कडेला टोचणे, पहिला थेंब पुसून टाकणे, कागदावरचे वर्तुळ एका मोठ्या थेंबाने एकाच बाजूने भरणे, एकावर एक थेंब न चढवणे, कागद आडवा ठेवून ऊन आणि उष्णतेपासून दूर वाळवणे आणि बाळाला रक्त चढवले असेल तर त्याची नोंद न विसरता करणे, हे प्रत्येक पाऊल त्यामागच्या कारणासह दाखवले आहे. बाळाच्या आईला ‘ही प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे’ हे कोणत्या शब्दांत सांगावे, याचा एक छोटा संवादही जोडला आहे.

शेवटची चाचणी अभ्यासक्रमाच्या दर्जाला साजेशी नाही. बहुतेक प्रश्न व्याख्यांवर आणि टक्केवारीवर आहेत. वंशावळ आखायला लावणारा किंवा रुग्णाच्या प्रश्नाला उत्तर लिहायला लावणारा एकही प्रश्न नाही, त्यामुळे सर्वांत उत्तम शिकवलेल्या कौशल्याचे मूल्यमापनच होत नाही. भाषा सोपी आहे, व्याख्यानांचा वेग योग्य आहे आणि अर्ध्यावर सोडलेला धडा तेथूनच पुढे सुरू करता येतो, ही रात्रपाळी करणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे.

प्रसूती, बालरोग, कर्करोग आणि रक्तविकार विभागांत काम करणाऱ्यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा आणि वेळ कमी असेल तर अहवालवाचन, वंशावळ आणि टाचेचा नमुना हे तीन भाग आधी घ्यावेत. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभागातल्या सहकाऱ्यांना मी तो सध्या सुचवणार नाही. त्यांना हवा असलेला औषधांचा भाग नव्याने लिहिला गेला की माझे मत बदलेल आणि तशी सविस्तर सूचना मी अभ्यासक्रमाच्या आयोजकांना पाठवली आहे.